अनवाणी सोनं

आमच्या कोल्हापुरात फुटबॉलचे संघ तालमींचे असतात. पाटाकडील तालीम, दिलबहार तालीम. नावं कुस्तीची आणि खेळ चेंडूचा. त्यामुळे माती आणि फुटबॉल यांचं नातं सगळ्या जगातच असणार, असं मला लहानपणी वाटायचं. पहिला पाऊस झाला की चपला बांधावर ठेवून आम्ही मैदानात उतरायचो. जमीन कुठे निसरडी आहे आणि कुठे घट्ट, हे डोळ्यांच्या आधी तळव्यांना कळायचं. घरी आल्यावर आई दारातच पायांवर तांब्याभर पाणी ओतायची आणि लाल ओघळ पायरीवरून खाली उतरायचा.

म्हणूनच १९५१ सालचा तो संघ मला कधी परका वाटला नाही.

मार्च महिना, दिल्लीचं नॅशनल स्टेडियम. पहिल्यावहिल्या आशियाई खेळांसाठी अकरा देश जमले होते. फुटबॉलचे संघ सहा : भारत, इराण, जपान, अफगाणिस्तान, इंडोनेशिया आणि ब्रह्मदेश. लंडनच्या ऑलिंपिकला ज्याला बोलावणं नव्हतं तो जपान इथे पाहुणा होता. ब्रह्मदेश, इंडोनेशिया आणि आपण, तिघांच्याही स्वातंत्र्याची हळद अजून ओली होती. अशा मांडवात आपली पोरं उतरली, ती बहुतेक अनवाणीच.

मोहन बागानचे शैलेन मन्ना कर्णधार होते. प्रशिक्षक होते हैदराबादचे सय्यद अब्दुल रहीम, पेशानं शाळामास्तर. आधी इंडोनेशियाला ३-० हरवलं, मग अफगाणिस्तानलाही ३-०. १० मार्चला अंतिम सामना इराणशी झाला. पूर्वार्धात साहू मेवालालनं गोल केला. बिहारमध्ये जन्मलेला आणि कलकत्त्याच्या मैदानांवर नावारूपाला आलेला हा गडी. तो एकच गोल शेवटपर्यंत पुरला आणि आशियाचं पहिलं फुटबॉल-सुवर्ण भारताचं झालं.

पुढच्याच वर्षी ऑलिंपिकमध्ये, हेलसिंकीच्या गारठ्यात, युगोस्लाव्हियानं आपल्याला १०-१ असं धुऊन काढलं. मायेच्या मातीनं जे शिकवलं होतं, ते त्या परक्या, थंड हिरवळीवर अपुरं पडलं. त्याच हेलसिंकीत काही दिवसांनी कराडजवळच्या गोळेश्वरच्या खाशाबा जाधवांनी कुस्तीत कांस्यपदक मिळवलं. तेही लाल मातीतलेच. १९४८ साली लंडनमध्ये मॅट त्यांना नवखी होती, तरी ते सहावे आले होते. पुढची चार वर्षं त्यांनी मातीतली ताकद मॅटवर कशी उतरवायची, हे शिकण्यात घालवली. आमच्या तालमीतले वस्ताद ही गोष्ट सांगताना नेहमी आवाज खाली आणायचे, देवघरात बोलावं तसा.

रहीमसाहेबांनी फुटबॉलमध्ये तेच केलं. हेलसिंकीनंतर खेळाडूंच्या पायांत बूट आले. चाल बदलली, मांडणी बदलली. पण चेंडू गोंजारणारा पाय त्यांनी जपला. १९६२ साली जकार्तातल्या आशियाई खेळांच्या अंतिम सामन्यात, उसळलेल्या प्रतिकूल गर्दीसमोर, त्यांच्याच संघानं दक्षिण कोरियाला २-१ हरवलं. पी. के. बॅनर्जींनी एक गोल केला, दुसरा जर्नेल सिंगनं, डोक्याला टाके असताना. त्या संघात गोव्यात जन्मलेला आणि मुंबईत टाटांकडून खेळणारा फोर्चुनाटो फ्रँकोही होता. गोवा मुक्त होऊन तेव्हा वर्षही झालं नव्हतं. रहीमसाहेबांना कर्करोगानं ग्रासलं होतं. पुढच्या जूनमध्ये ते गेले.

आजही शाहू स्टेडियमच्या कट्ट्यावर बसलो की पोरांच्या पायांत चकचकीत बूट दिसतात. ते असावेतच. फक्त त्यांच्या आतल्या तळव्यांना जमीन ओळखीची असावी, असं मनापासून वाटतं. खाशाबा आणि रहीमसाहेब या दोघांनी ती ओळख न सोडता नवी विद्या घेतली, आणि दोघांच्याही कष्टांना पदक मिळालं.

१९५१ आणि १९६२. आशियाई खेळांतल्या पुरुषांच्या फुटबॉलमध्ये भारतानं मिळवलेली सुवर्णपदकं ही दोनच आहेत.