सतरा माणकें

पन्नाशी उलटल्यावर प्राध्यापकानें फावला वेळ कसा घालवावा, याविषयीं आमच्या स्टाफरूममध्यें दोन पक्ष आहेत. एक पक्ष कुंड्यांतून गुलाब लावतो; दुसरा संध्याकाळीं प्रवचनास जातो. आम्ही कानांतले डूल करावयास लागलों, आणि तेव्हांपासून दोन्ही पक्ष आमच्याकडे थोड्याशा अनुकंपेनें पाहूं लागले आहेत. 'सोनारकी केव्हांपासून?' असें एका सहकाऱ्यानें विचारलें, तेव्हां 'सोनें नव्हे हो, पितळ आहे,' असें आम्हीं सांगितलें. या उत्तरानें आमची प्रतिष्ठा वाढली असें कांहीं दिसलें नाहीं.

हा नाद आम्हांस लागला तो आमच्या कन्येपायीं. एके दिवशीं ती गळ्यांत एक पदक घालून आली. पदक कसलें, बंद घड्याळाचा सांगाडाच तो! दोन दांतेरी चाकें, एक मोडका काटा, आणि मध्यें लाल खडा. 'बाबा, याला स्टीमपंक म्हणतात,' ती म्हणाली. व्हिक्टोरिया राणीच्या काळचें वाङ्मय तीस वर्षें शिकविणाऱ्या माणसास त्या काळाविषयींचा एक शब्द मुलीकडून शिकावा लागला, हा अपमान आम्हीं निमूटपणें गिळला आणि शोधास लागलों.

शब्द फारसा जुना नाहीं. के. डब्ल्यू. जेटर नांवाच्या अमेरिकन कादंबरीकारानें १९८७ मध्यें 'लोकस' मासिकास लिहिलेल्या पत्रांत अर्ध्या थट्टेनें तो घडविला. वाफेचें युग संपलेंच नाहीं, विजेनें त्याला मागें सारलेंच नाहीं, असें धरून चालावयाचें आणि त्या कल्पित जगांत गोष्ट रचावयाची, अशी ही तऱ्हा. गिब्सन आणि स्टर्लिंग यांच्या १९९० मधील कादंबरींत बॅबेजचें गणितयंत्र पुरें झालेलें आहे. प्रत्यक्षांत तें बॅबेजच्या हयातींत पुरें झालें नाहीं. पुढें ही गोष्ट कागदावरून अंगावर आली. पितळी चष्मे, चाकांच्या अंगठ्या, घड्याळांचे लोलक निघाले. आणि २००९ मध्यें तर ऑक्सफर्डच्या विज्ञानेतिहासाच्या संग्रहालयांत त्यांचें प्रदर्शनच मांडलें गेलें. ऑक्सफर्डचें नांव ऐकलें कीं आमच्या पिढींतल्या इंग्रजीच्या प्राध्यापकाची मान आपोआप लवते. आमचीही लवली.

तरी एक आक्षेप मनांतून जाईना. मनगटावरच्या घड्याळांत वाफ कोठें आहे? तें चालतें कमानीवर. शिवाय या दागिन्यांतलीं चाकें एकमेकांवर नुसतीं चिकटविलेलीं असतात. एकाचे दांत दुसऱ्यांत बसत नाहींत. ज्याला यंत्राची आवड आहे त्यानें न फिरणाऱ्या चाकांवर लुब्ध व्हावें, हें आम्हांस वृत्त न साधलेल्या कवितेसारखें वाटे.

पण या आक्षेपास इतिहासानें परस्पर उत्तर देऊन ठेवलें आहे. अठराव्या शतकांतल्या इंग्रजी खिशांतल्या घड्याळांत, डोलणाऱ्या चाकावर एक पितळी झांकण असे. इंग्रज कारागीर त्याला 'कॉक' म्हणत. तें आंतल्या आंत असावयाचें, मालकास क्वचितच दिसावयाचें. तरी त्यावर वेलबुट्टी, मुखवटे, जाळीदार पानें कोरलेलीं असत. एकोणिसाव्या शतकांत तीं घड्याळें जुनीं झालीं, सोन्यारुप्याच्या केसी वितळवल्या गेल्या, आणि आंतलें पितळ उरलें. तेव्हां तीं कोरीव झांकणें एकत्र गुंफून व्हिक्टोरियाच्या प्रजाजनांनीं हार आणि बांगड्या केल्या! म्हणजे आमच्या कन्येचें पदक हें त्या काळाचें सोंग नसून त्या काळाचीच एक संवय निघाली. आणि आपल्याकडे तरी काय? पुतळ्यांची माळ म्हणजे शेवटीं नाण्यांचाच हार. फरक इतकाच कीं, माळ तुटली तरी पुतळीचें सोनें मोडतां येतें. चाक एकदां माळेंत गेलें कीं घड्याळांत परत जात नाहीं. हा फरक त्या वेळीं आम्हीं ओझरता पाहिला आणि सोडून दिला.

मग जुन्या बाजाराच्या रविवारच्या वाऱ्या सुरू झाल्या. मंगळवार पेठेंतल्या त्या बाजारांत गंजलेल्या पकडी, ग्रामोफोनचे कर्णे आणि पाय नसलेल्या खुर्च्या यांच्या मधोमध बंद घड्याळांचे ढीग असत. आम्हीं एक पिशवीभर यंत्रें वजनावर घेतलीं, एक भिंग, एक चिमटा आणि बारीक स्क्रूड्रायव्हरांचा संच घेतला, आणि जेवणाच्या टेबलावर कारखाना थाटला.

पहिला धडा कमानीनें दिला. घड्याळ बंद असलें तरी कमानीचा जोर गेलेला असतो असें नाहीं. तो आधीं हळूहळू सोडावा लागतो. आम्हीं वरचें पान तसेंच उचललें, तेव्हां आंतली चाकें भिरभिरलीं आणि एक स्क्रू उडून जो गेला तो अद्याप सांपडलेला नाहीं. दुसरा धडा स्पिरिटचा. तेलाचा मळ काढण्यासाठीं सर्व भाग रात्रभर स्पिरिटमध्यें बुडवून ठेवले; सकाळीं पाहतों तों चाकाला थोपविणाऱ्या फाट्यावरचे दोन्ही खडे सुटून तळाशीं बसलेले. ते लाखेनें बसविलेले असतात, आणि लाख स्पिरिटांत विरघळते. स्विस कारागिराच्या अचूकपणाची मदार झाडावरच्या किड्याच्या रसावर असावी, आणि ती लाख बहुतेक आपल्याच देशांतल्या पळस-कुसुंबांवरून गेलेली असावी, याचें कौतुक करावें कीं हळहळावें, हें आम्हांस सुचेना. पितळास मात्र चिंच पुरते. तेथें आमच्या सौभाग्यवतींचें ज्ञान आमच्याहून थोर ठरलें.

त्यांचा उत्साह माणकांपर्यंत टिकला. तबकडीवर '१७ ज्युएल्स' असें लिहिलेलें पाहून त्यांनीं चष्मा लावला. घड्याळाच्या आंसांचीं टोंकें माणकाच्या भोंकांत फिरवावींत, म्हणजे झीज कमी होते, ही युक्ति फात्यो या स्विस गणित्यानें लंडनमध्यें काढली व १७०४ मध्यें तिचें पेटंट मिळविलें. तोंवर माणीक खरें होतें. परंतु १९०२ मध्यें व्हेर्नुई या फ्रेंच रसायनशास्त्रज्ञानें ज्योतींत माणीक पिकविण्याची रीत प्रसिद्ध केली, आणि तेव्हांपासून घड्याळांतलें माणीक कारखान्यांत होऊं लागलें. हें आम्हीं समजावून सांगितल्यावर त्यांनीं चष्मा काढून ठेवला. 'सतरा मिळून नथीच्या एका खड्याची किंमत नाहीं म्हणा कीं,' एवढेंच त्या बोलल्या. वर पितळानें मानेवर हिरवा डाग पडतो ही तक्रारही त्यांचीच. ती खरी असल्यामुळें आम्ही आतां मागील बाजूस लाखेचा पातळ हात देतों.

एका गोष्टींत मात्र थट्टा नाहीं. १९६० च्या आसपासपर्यंतच्या पुष्कळ घड्याळांचे काटे अंधारांत चमकावे म्हणून त्यांवर रेडियमचा रंग देत. चमक केव्हांच गेलेली असते, कारण चमकणारें द्रव्य झिजतें. रेडियम झिजत नाहीं. त्याचा निम्मा भाग सरावयास सुमारें १,६०० वर्षें लागतात. अशा काट्यांची पूड श्वासावाटे जाणें किंवा ते कानांत मिरविणें म्हणजे काय, हें निराळें सांगावयास नको. पिवळट रंग भरलेले जुने काटे दिसले कीं आम्ही तें घड्याळ उघडीतच नाहीं.

असें वर्ष गेलें. हाताला चांगलीच सफाई आली, आणि सफाईच्या पाठोपाठ येते ती घमेंडही आली. आमच्या कपाटांत तीर्थरूपांचें घड्याळ होतें. एच. एम. टी. 'जनता', १९६७ सालीं कायम नोकरी लागल्यावर त्यांनीं घेतलेलें. हिंदुस्थान मशीन टूल्सनें जपानच्या सिटिझन कंपनीच्या साह्यानें १९६१ मध्यें बंगळुरास घड्याळें करावयास आरंभ केला, तेव्हांपासून दोन पिढ्यांचे पदवीधर, जांवई आणि नोकरदार त्याच घड्याळावर वेळ पाहत आले. तीर्थरूप रोज सकाळीं संध्या झाल्यावर त्याला चावी देत; ते गेल्यावर आम्ही दर रविवारीं देत होतों. तें चालत होतें. चालत होतें, हें येथें मुद्दाम सांगणें प्राप्त आहे. आम्हांस वाटलें, आपणांस आतां येतें. जरा तेल-पाणी करूं. उघडलें, आणि डोलणारें चाक उचलतांना चिमटा घसरला. आंसाचें केंसाएवढें टोंक मोडलें. आवाजही झाला नाहीं.

बुधवारांत एका जिन्याखालीं एक वृद्ध घड्याळजी बसतात. आम्ही त्यांना चाचा म्हणतों. त्यांनीं भिंग डोळ्याला लावलें आणि बराच वेळ कांहीं बोलले नाहींत.

"सर, हें कोणाचं?"

"वडिलांचं."

"उघडलं कुणी?"

आम्ही गप्प राहिलों. चाचांनींही पुन्हां विचारलें नाहीं. लेथवर नवा आंस कांतणें आतां त्यांच्या हातून होत नाहीं, हात कांपतो. कारखान्याचा माल २०१६ मध्यें कंपनी गुंडाळली गेल्यापासून येत नाहीं. "एक उपाय आहे," ते म्हणाले, "दुसरं एखादं बंद 'जनता' असलं, तर त्याचं बॅलन्स यांत बसेल. तुम्ही तर पिशव्या भरून नेतां. तुमच्याकडे नसेल?"

होतें. अगदीं पहिल्याच पिशवींत होतें. त्याची फक्त कमान तुटलेली होती. बॅलन्स फुंकर घातली तरी डोले. ताशीं १८,००० झोले, दिवसाला ४,३२,००० झोले घालण्यासाठीं केलेलें तें चाक आम्हीं पारदर्शक रेझिनमध्यें बुडवून त्याचा लोलक केला, आणि भाऊबिजेला भाचीला ओवाळणींत दिला. तिला तो फार आवडतो. रेझिन एकदां घट्ट झालें कीं त्यांतून तें सुखरूप काढतां येत नाहीं. भाचीला आम्हीं यांतलें कांहींच कळविलेलें नाहीं.

"सर, राग मानूं नका," पुडक्यांत घड्याळ गुंडाळीत चाचा म्हणाले, "तुम्ही लोक चांगला भाव देतां, म्हणून भंगारवाले आतां आमच्याकडे येत नाहींत."

तेव्हांपासून नियम झाला आहे. प्रत्येक पिशवी प्रथम चाचांच्या पाटावर रिती होते. जें चालूं शकेल किंवा दुसऱ्यास चालवूं शकेल तें ते काढून घेतात. गंजलेलें, दांत झडलेलें तें आमच्या वांट्यास येतें. आमचे डूल त्यामुळें थोडे ओबडधोबड झाले आहेत. तीर्थरूपांचें घड्याळ त्यांच्या खणांत आमच्या नांवाच्या चिठ्ठीसह पडून आहे.

गेल्या रविवारीं जुन्या बाजारांत एक 'जनता' मिळालें. तबकडी डागाळलेली, कांच ओरखडलेली, मागें कोणाच्या तरी नांवाचीं आद्याक्षरें आणि १९७४ हा आंकडा कोरलेला. विकणाऱ्यानें चारशें सांगितले. आम्हीं घासाघीस केली नाहीं. चाचांकडे जाण्यासाठीं रिक्षांत बसलों आणि संवयीनें चावी दिली. तें चालूं लागलें. चाचांनीं तें कानाशीं धरलें, परत आमच्याकडे दिलें, आणि खण उघडूं कीं नको अशा अर्थानें आमच्याकडे पाहिलें.

हें लिहितांना तें आमच्या मनगटावर आहे. दिवसाला चार मिनिटें मागें पडतें.