ॲव्हरेज आणि ब्रेक

सेकंडहँड गाडी बघायला गेलेला माणूस पहिला प्रश्न कुठला विचारतो? "ॲव्हरेज किती देते?" मग एसी चालतो का, मग टायर किती टक्के आहेत, मग "ॲक्सिडेंटल तर नाही ना?" काही जण बॉनेट उघडून गंभीर चेहऱ्याने आत बघतात, जणू इंजिन आता त्यांच्याशी बोलणारच आहे. पण "थांबते कशी?" असं विचारणारा माणूस मला तरी आजवर भेटलेला नाही.

गाडी पळते कशी यावर तास-तास बोलणारी आपण माणसं, ती थांबते कशी याबद्दल मात्र कमालीची निश्चिंत असतो. पाय दाबला की थांबते! झालं.

आमच्याकडे २००८ सालची ऑल्टो आहे. खासगी गाडीचं रजिस्ट्रेशन पंधरा वर्षांचं. ते २०२३ मध्ये संपलं तेव्हा घरात चर्चा झाली, विकायची की ठेवायची? एप्रिल २०२२ पासून नूतनीकरणाची फी सहाशेवरून पाच हजार झालेली. वर हरित कर वेगळा. तरी गाडी आरटीओत दाखवून आणली आणि आणखी पाच वर्षं पदरात पाडून घेतली. भावनेपेक्षा हिशोब जास्त होता त्यात. इंजिन कुरकुरत नाही, गंज नाही, आणि सिन्नरच्या सिन्नरमध्ये फिरायला नवी गाडी घेऊन करायचं काय?

पण गेल्या वर्षी लेकीला नाशिकला नोकरी लागली आणि हिशोब बदलला. सिन्नर ते नाशिक अंतर तीसेक किलोमीटर, पण मध्ये मोहदरीचा घाट. घाट म्हणून बघायला गेलं तर छोटासाच. कसारा किंवा चंदनापुरीशी तुलना करायला नको. रस्ता चौपदरी झाल्यापासून तर नवख्या माणसाला घाट लागून गेला हे कळतही नाही. आणि तिथेच खरी मेख आहे. जाताना उतार, रुंद रस्ता, वेग आपोआप वाढतो आणि पुढे एमआयडीसीतून माल भरून निघालेला कंटेनर पहिल्या गिअरमध्ये रांगत असतो.

लेक म्हणाली, "मी ऑल्टो घेऊन जाते." बायकोने माझ्याकडे बघितलं. "अहो, सतरा-अठरा वर्षांची गाडी, पोरीच्या हातात, आणि घाटात? ब्रेक तरी धड आहेत का तिचे?"

साधा प्रश्न. याला "आहेत ना!" असं उत्तर देता आलं असतं. गॅरेजवाल्याने सांगितलंय, अजून लागतात, आवाज नाही... पण "आहेत ना" हे उत्तर नव्हे, ती समजूत. म्हटलं, रविवारी चाकं काढू आणि बघू.

आता थोडं शास्त्र. (कंटाळा करू नका, थोडंच आहे.)

ब्रेक गाडीचा वेग कुठे नाहीसा करत नाही, त्याची उष्णता करतो. माणसं-सामानासकट गाडी हजार किलोची धरली, तर दर शंभर मीटर उंची उतरताना तिच्यातून जी ऊर्जा बाहेर पडते तिच्यात साधारण तीन लिटर पाणी उकळेल. अंतर नव्हे, उंची शंभर मीटर. सगळा उतार फक्त ब्रेकवर उतरलात तर ते सगळं आधण पुढच्या दोन चाकांतल्या तबकड्यांवर आणि मागच्या ड्रमवर ठेवलं जातं. वेगाचंही तसंच. चाळीसचे ऐंशी झाले की वेग दुप्पट, पण जिरवायची ऊर्जा चौपट.

ही उष्णता झेलतं ते ब्रेक पॅड. तळहाताहून लहान लोखंडी पट्टी, तिच्यावर घर्षणाचा मसाला चिकटवलेला. नवा असताना साधारण नऊ-दहा मिलीमीटर. तो झिजावा म्हणूनच तिथे असतो. गाडीतला बाकीचा प्रत्येक भाग झिजू नये म्हणून धडपडतो, आणि हा एक झिजला तरच आपलं काम करतो. मला त्याचं फार कौतुक वाटतं. घरात अशी माणसं असतात एखाद-दोन.

पार्ट घ्यायला आडव्या फाट्याकडच्या दुकानात गेलो. दुकानदाराने तीन डबे समोर ठेवले. स्वस्त, मध्यम आणि कंपनीचा. वजनाने, रंगाने सगळे सारखे. ब्रेकच्या बाबतीत माझा नियम एकच, कंपनीचा डबा आणि पक्कं बिल. सीट कव्हर स्वस्तातलं चालेल, वायपर चालेल. हे नाही. दोन्ही चाकांचे चारही पॅड मिळून दीड हजाराच्या आत काम झालं. चारही एकदमच बदलायचे असतात. एका बाजूचे नवे, दुसऱ्या बाजूचे जुने ठेवले तर ब्रेक मारल्यावर गाडी एका अंगाला ओढते.

रविवारी सकाळी अंगणातल्या सपाट फरशीवर गाडी लावली. पहिला गिअर, हँडब्रेक, मागच्या चाकांना पुढून-मागून दगडाची उटी. नट गाडी जमिनीवर असतानाच थोडे सैल केले, मग जॅक लावला. आणि जॅकवर गाडी उचलली की लगेच खाली लोखंडी घोडी. जॅक उचलायला असतो, धरून ठेवायला नाही. काढलेलं चाकसुद्धा गाडीच्या काठाखाली आडवं सरकवून ठेवायचं. घोडी दगा देईल असं नाही, पण दिला तर गाडी चाकावर बसावी, आपल्यावर नाही.

चाक निघालं की आत चकचकीत तबकडी आणि तिला चिमट्यासारखा धरून बसलेला कॅलिपर. खालचा बोल्ट काढला की कॅलिपर वरच्या पिनेवर फिरून उघडतो. तो पूर्ण काढलाच, तर रबरी पाइपावर लोंबकळत ठेवायचा नाही, तारेने बांधायचा. धूळ तोंडाने फुंकायची नाही. पूर्वी या मसाल्यात ॲस्बेस्टॉस सर्रास असे, आणि नसलं तरी ती पूड फुप्फुसात जायच्या लायकीची नाहीच. ओलं फडकं, नाकावर मास्क.

शेजारी एमआयडीसीत लेथवर काम करणारे गृहस्थ राहतात. सिन्नरमध्ये उसनी साखर मिळते तसा उसना व्हर्निअरही मिळतो! मोजलं. बाहेरचं पॅड जेमतेम चार मिलीमीटर. आतलं दोन. म्हणजे संपल्यातच जमा. दोन-तीनच्या आसपास आलं की बदलायचंच असतं.

आता हे दोन आणि चार का? इथे मला घरी काम करण्याचा खरा उपयोग कळतो. कॅलिपर दोन पिनांवर मागे-पुढे सरकतो. आतल्या बाजूचा पिस्टन आतलं पॅड दाबतो, आणि त्याच जोराने कॅलिपर मागे सरकून बाहेरचं पॅड ओढून घेतो. पिना कोरड्या पडल्या, आपल्याकडची धूळ त्यात बसली, की कॅलिपर नीट सरकत नाही. मग आतलं पॅड एकटंच राबतं. नुसते पॅड बदलून मोकळा झालो असतो तर नवंही तसंच एकतर्फी झिजलं असतं. पिना काढल्या, पुसल्या, ब्रेकसाठीचं सिलिकॉन ग्रीस लावलं. साधं ग्रीस नाही. त्याने रबर फुगतं आणि पिन आणखी अडकते.

पिस्टन आत ढकलायला जुनं पॅड आणि सी-क्लँप. हळूहळू. तेव्हा बॉनेटखालच्या डबीतलं ब्रेक ऑइल वर चढतं, ते सांडू द्यायचं नाही. गाडीच्या रंगाचं आणि त्याचं हाडवैर. आपण त्याला ऑइल म्हणतो, पण ते तेल नव्हे. ते हवेतली ओल शोषतं. डॉट-३ प्रकारचं ताजं ऑइल किमान २०५ अंशांपर्यंत उकळत नाही, पण ओल धरल्यावर हीच हमी १४० वर येते. डॉट-४ चं २३० वरून १५५. घाटात तापलेल्या ब्रेकमध्ये ते उकळलं तर वाफ होते, आणि वाफ दाबली जाते. म्हणजे पेडल जातं, ब्रेक लागत नाही. म्हणून दर दोन वर्षांनी ते बदलायचं. ते काम मात्र मी गॅरेजमध्ये देतो, मागच्या ड्रमचे लायनरही. पाइपात हवा राहिली तर मला घरी ती खात्रीने काढता येईल असं नाही, आणि इथे "बहुतेक झालं" चालत नाही.

डावं चाक मी केलं. उजवं लेकीला करायला सांगितलं. ती आधी हसली, मग बाह्या वर केल्या. पाना लावून बोल्ट सुटेना, तर पान्यावर पाय देऊन उभी राहिली! सुटला. जुनं पॅड हातात घेऊन तिने उलटसुलट करून बघितलं.

"बाबा, एवढंसंच असतं हे?"

"एवढंसंच."

मग बराच वेळ ती काही बोलली नाही. नवं पॅड बसवताना मात्र दोनदा विचारलं, "नीट बसलंय ना?" मी म्हटलं, तूच बघ. तिने वाकून बघितलं, हलवून बघितलं.

मला तेव्हा बर्था बेंझ आठवली. कार्ल बेंझची बायको. ऑगस्ट १८८८ मध्ये नवऱ्याला न सांगता, दोन मुलगे सोबत घेऊन, त्याने बनवलेली तीनचाकी मोटार घेऊन ती मानहाइमहून फोर्झहाइमला निघाली. म्हणजे माहेरीच निघाली होती. शंभरेक किलोमीटर. मोटारीचा पहिला लांबचा प्रवास म्हणून तो नावाजला जातो. वाटेतल्या उतारांवर लाकडी ब्रेक झिजायला लागले, तेव्हा तिने एका चांभाराला गाठून ठोकळ्यांवर चामडं ठोकून घेतलं. ब्रेकच्या लायनिंगची सुरुवात ही अशी सांगतात. इंजिन कितीही अफाट असलं तरी उतारावर चामडं आठवतं, हे चालवणाऱ्या बाईला कळलं. बनवणारा घरी होता.

चाकं बसवली. नट तिरक्या क्रमाने, समोरासमोर, आणि शेवटचा आवळ गाडी जमिनीवर टेकल्यावर. त्यानंतर सगळ्यात महत्त्वाची गोष्ट, गाडी जागेवरून हलवायच्या आधी पेडल सात-आठ वेळा दाबायचं. पिस्टन मागे ढकललेला असतो, त्यामुळे पहिलं पेडल थेट तळाला जातं. ते टणक होईपर्यंत दाबायचं. हे न करता गाडी काढली तर पहिला ब्रेक लागतच नाही. मग रिकाम्या रस्त्यावर साठवरून वीसपर्यंत सावकाश वेग कमी करायचा, असं काही वेळा, मध्ये थंड होऊ देत. पुढचे दोन-तीनशे किलोमीटर कचकन ब्रेक टाळायचे. पॅड आणि तबकडी एकमेकांना सरावायला वेळ लागतो.

आता बायकोच्या प्रश्नाचं उत्तर. ब्रेक धड आहेत, हे मोजून सांगू शकतो. पण तिने विचारलेल्या प्रश्नाच्या मागे एक प्रश्न होता, पोर सुखरूप येईल ना? त्याला चार पॅड पुरत नाहीत. या गाडीला एबीएस नाही. भारतात ते नव्या मॉडेलना एप्रिल २०१८ पासून आणि आधीच्या मॉडेलना एप्रिल २०१९ पासून सक्तीचं झालं, आमची गाडी त्याच्या कितीतरी आधीची. ओल्या रस्त्यावर जोरात ब्रेक मारला की चाकं जाम होऊन गाडी घसरू शकते. एअरबॅगही नाही. हे मी लेकीला आणि तिच्या आईला दोघींनाही सांगितलं. ठरलं ते असं, पाऊस असला की एसटी. रात्री उशीर होणार असेल तर तिने तिकडे मावशीकडे राहायचं. आणि पगारातून थोडे, माझ्याकडचे थोडे घालून दोन वर्षांत एबीएसवाली गाडी बघायची. लेकीने तोंड वाकडं केलं, पण कबूल केलं.

गल्लीतल्या अण्णांनी यात आणखी एक भर घातली. एसटीतून ड्रायव्हर म्हणून रिटायर झालेले. म्हणाले, "पोरी, ज्या गिअरमध्ये घाट चढशील त्याच गिअरमध्ये उतरायचं. ब्रेक थांबायला असतो, उतरायला नाही."

याच्या बरोब्बर उलट सवय आपल्याकडे फार आहे. उतार आला की गाडी न्यूट्रल, कोणी तर इंजिनच बंद करतो. पेट्रोल वाचतं म्हणे! इंजेक्शनवाल्या गाडीत गिअरमध्ये राहून ॲक्सिलरेटर सोडला की इंजिन पेट्रोल घेणंच थांबवतं, न्यूट्रलमध्ये उलट ते घेत राहतं. आणि इंजिन बंद केलं तर ब्रेकला मदत करणारा बूस्टर दोन-तीन दाबांत रिकामा होतो, पेडल दगडासारखं होतं. म्हणजे बचत काहीच नाही, आणि गहाण काय पडतं? घाटातला ब्रेक.

असो. सध्या लेक सकाळी साडेआठला निघते. पोचल्यावर एक मिस्ड कॉल द्यायचा, हा आईचा नियम. नऊ-सव्वानऊला फोन वाजून बंद होतो, बायको न बघताच "पोचली" म्हणते आणि कुकर लावते.

तुमच्याकडेही जुनी गाडी असेल तर एखाद्या रविवारी चाक काढून बघा. बदलायला जमलं नाही तरी चालेल, गॅरेज आहेच. नुसतं मोजून बघा.