बारा इंचांमागे एक इंच

कॅलिफोर्नियाला जाऊन आलेल्या मंडळींना आपल्याकडे दोन प्रश्न हमखास विचारले जातात. सॅन फ्रान्सिस्कोचा तो तांबडा पूल पाहिलात का? आणि डिस्नेलँडला गेला होतात का? आम्हा उभयतांना दोन्ही प्रश्नांचे उत्तर नकारार्थी द्यावे लागते आणि विचारणाऱ्याचा चेहरा उतरतो. मग तीन महिने तेथे राहून पाहिले तरी काय? आम्ही फूटपाथ पाहिले. हे उत्तर थट्टेचे वाटेल, म्हणून थोडे विस्ताराने सांगते.

आमचे सारे आयुष्य बडोद्यास दांडिया बाजारातल्या वाड्यात गेले. शाळेतून निवृत्त झाल्यावर ह्यांचा नेम ठरलेला असे. सकाळी मांडवीजवळच्या सेंट्रल लायब्ररीत वर्तमानपत्रे वाचावयाची आणि संध्याकाळी सुरसागराला एक फेरी घालावयाची. तीन वर्षांपूर्वी ह्यांना अर्धांगवायूचा झटका आला. वाचा वाचली, बुद्धी शाबूत राहिली, पण डावे अंग गेले. त्या दिवसापासून वाड्याचा उंबरठा, ओट्याच्या चार पायऱ्या आणि पुढची गल्ली हीच ह्यांच्या जगाची सीमा झाली. दवाखान्यात नेताना दोन माणसे खुर्चीसकट उचलून न्यावयाची. उचलून नेले जाणे ह्यांना इतके लागे की पुढे पुढे दवाखान्याचे नाव काढले तरी हे भिंतीकडे तोंड करून निजत.

सॅक्रामेंटो ही कॅलिफोर्नियाची राजधानी. सॅक्रामेंटो आणि अमेरिकन ह्या दोन नद्यांच्या संगमावर ती वसली आहे. उन्हाळा आपल्या बडोद्याच्या वैशाखाची आठवण करून देणारा, पण कोरडा. संध्याकाळी मात्र समुद्राकडून खाडीवरचा गार वारा सुटतो आणि जीव सुखावतो. चिरंजीवांचे घर अमेरिकन नदीच्या उत्तरेस, नॅटोमास नावाच्या नव्या वसाहतीत. २०२४ च्या ऑगस्टमध्ये आम्ही तेथे पोहोचलो. मुलाने बॅटरीवर चालणारी एक खुर्ची भाड्याने आणून ठेवली होती. उजव्या हाताशी एक दांडी. ती पुढे लोटली की खुर्ची पुढे जाते, सोडली की थांबते.

चौथ्या दिवशी सकाळी मी चहा गाळीत होते. हे दारापाशी खुर्ची नेऊन म्हणाले, "तू असू दे. मी कोपऱ्यापर्यंत जाऊन येतो."

तीन वर्षांत हे वाक्य मी ऐकले नव्हते. मी खिडकीशी उभी राहिले. खुर्ची फूटपाथवरून संथपणे कोपऱ्यापर्यंत गेली. तेथे कडेचा दगड हळूहळू बसका होत रस्त्याच्या पातळीला मिळाला होता आणि त्या उतारावर पिवळ्या, बारीक उंचवट्यांच्या फरशा होत्या. अंधाला पायाखाली किंवा काठीच्या टोकाला त्या कळाव्यात आणि पुढे रस्ता आहे हे समजावे, म्हणून ती योजना. हे उतरले, रस्ता ओलांडला, समोरच्या उतारावरून वर चढले आणि दिसेनासे झाले. वीस मिनिटांनी परत आले तेव्हा चहा निवून गेला होता. हे काही बोलले नाहीत. कुणाच्या तरी अंगणात फुललेल्या कण्हेरीचे फूल तेवढे मजजवळ दिले.

त्यानंतर रोजचा नेम सुरू झाला. सून नातवाला बाबागाडीत घालून निघे, हे शेजारून खुर्चीत, आणि मी मागून माझ्या दुखऱ्या गुडघ्यांनिशी. एकाच उतारावरून तिघांची सोय होत होती.

ह्या उतारामागचा हिशेब मला कळला तो गणेशोत्सवात. तेथील मराठी मंडळींच्या गणपतीला कोल्हापूरकडचे एक गृहस्थ भेटले. नव्या वसाहतींचे आराखडे तयार करणाऱ्या एका कचेरीत ते काम करीत. ह्यांची चौकस बुद्धी पाहून त्यांनी एका रविवारी घरी येऊन जेवणाच्या मेजावर एक मोठा नकाशाच उलगडला. त्यांनी सांगितलेले थोडक्यात असे.

अमेरिकेत अपंगांच्या हक्कांचा मोठा कायदा २६ जुलै १९९० रोजी झाला. त्याच वर्षीच्या मार्चमध्ये कित्येक अपंग नागरिकांनी आपल्या खुर्च्या आणि कुबड्या खाली ठेवून वॉशिंग्टनच्या संसदभवनाच्या पायऱ्या सरपटत चढून दाखविल्या होत्या. ह्या कायद्याखालील नियमांत मापे ठरलेली आहेत. एक इंच चढावयाचे तर उताराची लांबी निदान बारा इंच हवी. चालावयाची वाट निदान तीन फूट मोकळी हवी. वाट पाच फुटांहून अरुंद असेल तर दर दोनशे फुटांच्या आत दोन खुर्च्या एकमेकींना ओलांडू शकतील अशी जागा हवी. वाटेचा आडवा उतार अठ्ठेचाळीस इंचांना एक इंचाहून अधिक नको, नाहीतर खुर्ची रस्त्याकडे ओढली जाते. दोन लाद्यांमध्ये पाव इंचाहून अधिक उभा उंचवटा नको.

"पाव इंच?" ह्यांनी विचारले.

"पाव इंच," ते म्हणाले. "खुर्चीच्या पुढच्या लहान चाकाला तेवढाही पुरतो."

मग त्यांनी जे सांगितले ते मला सर्वांत महत्त्वाचे वाटले. फूटपाथ बांधलाच तर तो कसा असावा, हे हा कायदा सांगतो. फूटपाथ असावा की नसावा, हे तो सांगत नाही. ते गावाने ठरवावयाचे. नवी वसाहत वसविणारा बिल्डर जमिनीचे तुकडे पाडण्याचा आराखडा घेऊन नगरपालिकेकडे किंवा जिल्ह्याकडे येतो. मंजुरी देताना रस्त्याची रुंदी, फूटपाथ, दिवे, झाडे ह्यांच्या अटी घातल्या जातात आणि ती कामे बहुधा बिल्डरकडूनच करून घेतली जातात. त्या दिवशी कागदावर रेघ ओढली गेली तर वाट होते. राहून गेली तर पुढे घरे उभी राहतात, कुंपणे पडतात, झाडे वाढतात, आणि पन्नास वर्षे कुणाला काही करता येत नाही.

ह्याचा प्रत्यय पुढच्याच आठवड्यात आला. आर्डन-आर्केड भागात मुलाच्या एका स्नेह्यांकडे जेवावयास गेलो. दुसऱ्या महायुद्धानंतर उभ्या राहिलेल्या वसाहती त्या. टुमदार बैठी घरे, प्रशस्त हिरवळी, डेरेदार झाडे, आणि कित्येक रस्त्यांना फूटपाथ मुळीच नाही. जेवणानंतर हे फिरावयास निघाले तेव्हा मुलगा पुढे, मी मागे आणि मध्ये खुर्ची, अशी आमची वरात भर रस्त्यातून चालली. मागून मोटार आली की आम्ही तिघे कडेच्या गवताला चिकटून उभे. पाच मिनिटांत हे म्हणाले, "परत चला." त्या आवाजात मला आमच्या गल्लीतला सूर ऐकू आला.

शहराच्या जुन्या भागाची तऱ्हा आणखी निराळी. सॅक्रामेंटोला झाडांचे शहर म्हणतात ते यथार्थ आहे. जुन्या वस्तीत फूटपाथ आहेत, त्यांवर गर्द सावलीही आहे. परंतु त्याच वृक्षांच्या मुळांनी लाद्या उचलल्या आहेत. कॅलिफोर्नियात घरासमोरील फूटपाथ दुरुस्त करणे ही सामान्यतः त्या घरमालकाची जबाबदारी. ज्याला त्याला खर्च जड वाटतो आणि लादी तशीच राहते. एका ठिकाणी ह्यांची खुर्ची अशा उचललेल्या लादीशी अडली आणि पुढे सरकेना. उंचवटा जेमतेम दोन बोटे होता.

ह्याच शहरात ह्या प्रश्नावर एक गाजलेला खटला झाला आहे. १९९९ साली चालण्यास किंवा पाहण्यास असमर्थ असलेल्या काही नागरिकांनी शहराविरुद्ध दावा लावला. खालच्या न्यायालयाने ठरविले की फूटपाथ ही काही शहराने पुरविलेली सेवा नव्हे, म्हणून तिला हा कायदा लागू नाही. २००२ साली वरच्या न्यायालयाने तो निर्णय फिरविला. पुढे तडजोड झाली आणि शहराने आपल्या वाहतूक निधीतील दरसाल २० टक्के रक्कम ३० वर्षांपर्यंत पादचाऱ्यांच्या वाटा सर्वांना वापरता येतील अशा करण्यासाठी वेगळी काढण्याचे मान्य केले. जी रेघ आरंभी ओढावयाची राहिली, तिची किंमत अशी तीस वर्षांच्या हप्त्यांनी फेडावी लागते.

आणि नव्या नॅटोमासमध्ये सर्व आलबेल होते काय? तसेही नाही. काही गल्ल्यांत फूटपाथची कड गोलसर, मोटार सहज चढेल अशी केलेली. मग मोटारींची दोन चाके फूटपाथवर. कचऱ्याच्या पेट्याही कधी वाटेत येत. आणि एके दिवशी आमची वाटच संपली. नदीच्या पुराचा धोका अधिक आहे असे ठरून, बांध मजबूत होईपर्यंत नॅटोमासमधील नवी बांधकामे २००८ च्या अखेरीपासून २०१५ पर्यंत जवळजवळ थांबली होती. त्या काळाच्या खुणा असतील किंवा नसतील, पण वसाहतीच्या टोकाला एक स्वच्छ, पाच फुटी फूटपाथ सरळ जाऊन वाळलेल्या गवताच्या रानात थांबला होता. पुढे काही नाही. हे बराच वेळ तेथे बसून राहिले. मग हसून म्हणाले, "नकाशात पुढे असेल."

दिवाळीच्या तोंडावर आम्ही परतलो आणि ठरल्याप्रमाणे वाडा सोडून शहराच्या पश्चिमेकडील एका नव्या सोसायटीत राहावयास आलो. लिफ्ट आहे, एवढ्याच कारणासाठी हा फ्लॅट घेतला होता. लिफ्ट होती. लिफ्टपर्यंत जावयास तीन पायऱ्याही होत्या. शेजारी संगमरवरी उताराची एक पट्टी होती. तिच्यावरून नातवंडे घसरगुंडी खेळत.

ह्यांनी शेजारच्या मुलाकडून टेप मागविली आणि मला मोजावयास सांगितले. उंची अठरा इंच. उताराची लांबी साडेचार फूट. म्हणजे तीन इंचांमागे एक इंच. हिशेबाने ती लांबी अठरा फूट हवी होती. बाहेरचा फूटपाथ रस्त्यापासून फूटभर उंच. प्रत्येक इमारतीच्या फाटकाशी तो कापलेला, आणि उरलेल्या तुकड्यांवर विजेची पेटी, पानाचा गल्ला आणि स्कूटरींची रांग.

नियम आपल्याकडे नाहीत असे कोणी म्हणू नये. इंडियन रोड्स काँग्रेसच्या मार्गदर्शिकेत फूटपाथची उंची १५० मिलिमीटरहून अधिक नसावी, म्हणजे सुमारे सहा इंच, आणि मोकळी रुंदी निदान १.८ मीटर असावी, असे सांगितले आहे. बाराला एक हे माप आपल्याही मार्गदर्शक तत्त्वांत आहे. २०१६ साली दिव्यांगांच्या हक्कांचा नवा कायदा झाला. आम्ही परतलो त्यानंतर थोड्याच दिवसांत, ८ नोव्हेंबर २०२४ रोजी, सर्वोच्च न्यायालयाने राजीव रतुरी ह्यांच्या प्रकरणात सांगितले की सुगम्यतेचे निकष केवळ शिफारशीच्या रूपात ठेवून चालणार नाही, ते बंधनकारक असले पाहिजेत.

ह्यांनी उजव्या हाताने सोसायटीच्या समितीला अर्ज लिहिला. उत्तर सभ्य होते: अठरा फूट जागा नाही, कारण तेथे मोटारींच्या जागा वाटून दिल्या आहेत. तीन महिने अर्ज फिरत राहिला. अखेर तळमजल्यावरील एका गुजराती भगिनीने, जिच्या सासूबाईंना पायऱ्या चढवत नाहीत, आपली मोटारीची जागा सोडली. उतार मध्ये वळण घेऊन सतरा फुटांत बसला. हे म्हणतात, एक फुटाची चूक आपण पोटात घालू.

गुजरातेत शहराचा नवा भाग वसताना १९७६ च्या कायद्याखाली टी. पी. स्कीम होते. सर्वांच्या जमिनी एकत्र धरावयाच्या, त्यांतून रस्ते, बाग, शाळा ह्यांची जागा काढावयाची आणि उरलेले भूखंड पुन्हा आखून मूळ मालकांस द्यावयाचे. आराखडा प्रसिद्ध होतो आणि त्यावर हरकती व सूचना मागवितात. ती सूचना वर्तमानपत्राच्या आतल्या पानावर बारीक अक्षरांत येते. मी ती आयुष्यात कधी वाचली नव्हती. इंदूर, हैदराबाद, बेळगाव, आपण जेथे कोठे असाल तेथे गावाबाहेर नव्या वसाहती उठत आहेत, आणि आपली मुले त्यांत घरे नोंदवीत आहेत. स्वयंपाकघराचा ओटा केवढा, हे आपण आवर्जून पाहतो. फाटकापासून लिफ्टपर्यंत आणि फाटकापासून कोपऱ्यापर्यंत वाट कशी आहे, हेही नकाशावर विचारावे. आज पायात बळ आहे, ते सर्वांचे सर्वकाळ राहत नाही.

हल्ली हे रोज संध्याकाळी एकटे फाटकापर्यंत जातात आणि तेथूनच परततात. समोरच्या पडीक जमिनीचा आराखडा प्रसिद्ध झाला आहे, असे काल आतल्या पानावर वाचले. सोमवारी आम्ही तो पाहावयास जाणार आहोत. त्या कचेरीला सात पायऱ्या आहेत, ह्याची मी चौकशी केली आहे. ह्यांना ते सांगितले. हे म्हणाले, "उचलून न्या. ह्या वेळी चालेल."