श्वासासाठी वर येणारा मासा

अकोल्याहून मंगरूळपीरच्या रस्त्याने दक्षिणेकडे निघाले की सुमारे 20 किलोमीटरवर बार्शीटाकळी लागते. उत्तरेला मागे राहतो तो पूर्णेच्या खोऱ्यातला खारपाण पट्टा, जिथल्या विहिरींचे पाणी तोंडात धरवत नाही. इकडे मात्र जमीन हळूहळू चढू लागते, काळ्या मातीतून मुरमाड माळ डोके वर काढतात आणि पाण्याला गोडी येते. विद्रुपा नदीकाठचे हे गाव आपल्याला ठाऊक असते ते बहुधा तिथल्या हेमाडपंती मंदिरामुळे व शके 1098, म्हणजे इ. स. 1176 च्या शिलालेखामुळे. या खेपेस मात्र, वाचकहो, आपल्याला न्यायचे आहे ते पाण्याकडे. गावतलाव, पाझर तलाव, नदीतले डोह आणि महान येथे काटेपूर्णा नदी अडवून झालेला विस्तीर्ण जलाशय यांच्याकडे. या पाण्यात एक मासा राहतो. त्याला ओळखायला शिकलो, तर वर्षाचे सारे ऋतू आपण नव्याने ओळखू लागतो. तो मासा म्हणजे मरळ.

मरळाचे अंग गोल व लांबट, डोके सापासारखे चपटे, जबड्यात बारीक धारदार दात आणि पाठ शेवाळी, चिखलाशी एकजीव होणाऱ्या रंगाची. तो शिकारी आहे, पण पाठलाग करणारा नव्हे. पाणगवतात, लव्हाळ्यांच्या बुडाशी तो निश्चल पडून राहतो. बेडूक, झिंगा किंवा लहान मासा टप्प्यात आला की एका झेपेत त्याला गिळतो. उत्तर अमेरिकेतल्या सरोवरांत ‘मस्की’ नावाचा असाच दबा धरणारा मोठा मासा असतो. तो इतका दुर्मीळपणे गळाला लागतो की तिकडचे गळकरी त्याला ‘दहा हजार फेकींचा मासा’ म्हणतात, आणि पकडल्यावर त्याला अलगद पाण्यात परत सोडण्याची चाल आता तेथे रुजली आहे. आपला मरळ तितका हुलकावणी देणारा नाही, कारण निसर्गाने त्याचा एक दोर आपल्या हाती दिला आहे. मरळाला कल्ल्यांचा श्वास पुरत नाही. काही मिनिटांनी त्याला हवा घेण्यासाठी पृष्ठभागावर यावेच लागते. संथ पाण्यावर उठलेले एक वर्तुळ, ‘डुबुक्’ असा हलका आवाज, मागोमाग दोन-चार बुडबुडे. जाणता भोई एवढ्यावरून माशाची जागा, आकार आणि मनःस्थितीही सांगतो.

हिवाळा : पाहण्याचा ऋतू

कुटुंबासह येथे यायचे तर कार्तिक ते माघ हा काळ उत्तम. पावसाचा गढूळपणा निवळलेला असतो, काठच्या शेतांत गहू-हरभरा उभा असतो आणि जलाशयावर स्थलांतरित बदके उतरलेली असतात. थंडीत मरळ मंदावतो. त्याच्या देहाची उष्णता पाण्याच्या उष्णतेबरोबर उतरते, भूक कमी होते आणि श्वासासाठी वर येण्यातले अंतरही वाढते. पहाटे तो खोल पाण्यात असतो. ऊन चढून काठचे उथळ पाणी कोमट झाले की अकरा ते तीनच्या सुमारास तो गवताच्या कडेला सरकतो. म्हणून हिवाळ्यात भल्या पहाटे गळ टाकून कुडकुडण्यात अर्थ नसतो. सकाळची न्याहारी शांतपणे करावी आणि मग तलावाकडे निघावे.

एक गोष्ट आधीच सांगणे अगत्याचे आहे. महानच्या जलाशयाभोवती काटेपूर्णा अभयारण्य आहे. ते 1988 साली घोषित झाले असून त्याचे क्षेत्र सुमारे 73 चौरस किलोमीटर आहे. चौशिंगा व भेकर यांसाठी ते प्रसिद्ध आहे. तेथे गळ घेऊन जाऊच नये. तिथले मासे डोळ्यांनीच टिपावेत. इतर तलावांचा मासेमारीचा ठेका बहुधा स्थानिक मच्छीमार सहकारी संस्थेकडे असतो. गळ टाकायचा झाल्यास त्यांची संमती घ्यावी. संमतीबरोबर चार अनुभवाचे बोलही पदरात पडतात, हा वेगळा लाभ.

आरोग्याच्या दृष्टीने या बैठकीचे मोल निराळे आहे. तास-दीड तास पाण्यावर नजर ठेवून, न बोलता, श्वासाच्या वर्तुळाची वाट पाहणे, हे आपल्या घाईत सापडलेल्या मनाला मिळालेले एक पथ्यच असते. मुलांना भ्रमणध्वनीपासून दूर ठेवण्यासाठी उपदेशापेक्षा हा उपाय अधिक गुणकारी ठरतो. त्यांना फक्त मोजायला सांगा : एकाच जागी मरळ किती वेळाने वर आला?

उन्हाळा : कसोटीचा ऋतू

चैत्र सरताच वऱ्हाडातले ऊन कसे तापते, हे वेगळे सांगायला नको. पारा 45 अंशांच्या घरात जातो, पाझर तलावांची डबकी होतात आणि महानच्या पाण्याकडे सारे अकोला शहर डोळे लावून बसते, कारण शहराच्या नळाचे पाणी तेथूनच येते. तापलेल्या, प्राणवायू कमी झालेल्या पाण्यात रोहू व कटला तडफडू लागतात. मरळ मात्र हवेवर तगून राहतो. पाणी पार आटले, तरी ओलसर चिखलात स्वतःला पुरून घेऊन तो पावसाची वाट पाहू शकतो. या दिवसांत तो पहाटे आणि संध्याकाळी उथळात शिकार करतो व दुपारी सावलीतल्या खोल जागी जातो. जुने गळकरी बेडकाचे आमिष लावून याच दोन वेळा साधतात.

पण उन्हाळा हा कसोटीचा ऋतू म्हणायचे कारण वेगळे आहे. डोह लहान झाला की माशांना कोठे जाता येत नाही, आणि माणसाला मोह अनावर होतो. कपाशीवर फवारण्यासाठी आणलेल्या कीटकनाशकाचे उरलेसुरले डबे अशा डोहात ओतून मासे मारण्याचे प्रकार घडतात. विष किंवा स्फोटके वापरून मासे मारणे 1897 च्या भारतीय मत्स्यव्यवसाय कायद्यापासून गुन्हा आहे. पण कायद्याहून मोठा प्रश्न ताटाचा आहे. शिजवल्याने विष निघून जाते, हा समज चुकीचा व घातक आहे. त्याच डोहावर गुरे पाणी पितात, बायका कपडे धुतात, मुले डुंबतात. शेजारच्या यवतमाळ जिल्ह्यात 2017 साली फवारणीच्या विषबाधेने शेतकरी व शेतमजुरांचे जे बळी घेतले, ते आपण विसरलेलो नाही. म्हणून उन्हाळ्यात कोणी मेलेल्या माशांची टोपली स्वस्तात दारी आणली, तर ती नाकारावी. मरळ बाजारात जिवंत मिळतो. श्वासाच्या देणगीमुळे तो थोड्या पाण्यातही बराच वेळ जगतो. मेलेला मरळ विकत घ्यावा, असे कारणच सहसा नसते.

मृग : श्रद्धेचा ऋतू

बार्शीटाकळीवरून जाणारा लोहमार्ग पुढे वाशीम, हिंगोली, पूर्णा, नांदेड असा थेट हैदराबादकडे नेतो. मृग नक्षत्र लागताना, जूनच्या पहिल्या पंधरवड्यात, तेथे बत्तिनी गौड कुटुंबाकडून दम्याच्या रुग्णांना मरळाचे जिवंत पिल्लू वनौषधीच्या गोळीसह गिळायला दिले जाते. हजारो माणसे त्यासाठी दुरून येतात. पाण्यात राहूनही हवेचा श्वास घेणारा मासा श्वासाच्या रोगावर योजला जावा, यात एक जुनी कल्पकता आहे. तथापि या उपायाने दमा बरा होतो, असे वैद्यकीय चाचण्यांनी सिद्ध झालेले नाही. श्रद्धेपोटी कोणी जात असेल, तर त्याचा उपहास करू नये. पण डॉक्टरांनी दिलेला श्वासमार्गाचा फवारा व नियमित औषधे एक दिवसही बंद करू नयेत, हे त्याला प्रेमाने आणि ठामपणे सांगावे. पहिल्या पावसाच्या दमट हवेत दम्याचा जोर वाढण्याचा संभव असतो. अशा वेळी औषध सोडणे जिवावर बेतू शकते. लहान मुलांना जिवंत मासा गिळायला लावताना तो घशात अडकण्याचा धोकाही ध्यानात घ्यावा.

पावसाळा : हात आवरण्याचा ऋतू

मृगाच्या सरी कोसळल्या की तलावांना नवे पाणी येते आणि मरळाची जोडी उथळ जागी गवत बाजूला सारून वाटोळे घरटे करते. अंडी पाण्यावर तरंगतात. खाली नर-मादी पहारा देतात. पिल्ले बाहेर पडली की त्यांचा नारिंगी-तांबूस थवा एखाद्या विस्कटलेल्या फुलासारखा पाण्यावर हिंडतो. थव्यातली पिल्ले एकामागून एक हवा घ्यायला वर येतात, तेव्हा पृष्ठभागावर पाऊस पडावा तशी टिपटिप दिसते. त्यांच्या खाली आई-बाप असतात. ते या काळात दूर जात नाहीत, आणि थव्याजवळ काहीही आले तरी त्यावर तुटून पडतात.

नेमका हाच त्यांचा घात ठरतो. थव्यात गळ टाकला की पालक मरळ भुकेपोटी नव्हे, रागापोटी त्याला चावतो. हा मरळ पकडण्याचा सर्वांत सोपा मार्ग आहे, आणि सर्वांत महागडाही. एक पालक गेला की शेकडो पिल्ले उघडी पडतात. दुसरे मासे, बगळे, पाणसाप काही दिवसांत त्यांचा फडशा पाडतात. आपल्याकडे श्रावण पाळण्याची जी रीत आहे, ती माशांच्या विणीच्या या काळाशी जुळते, हे लक्षात घेण्याजोगे आहे. ज्यांच्या घरी श्रावण पाळला जात नाही, त्यांनीही ज्येष्ठ ते भाद्रपद एवढा काळ मरळापुरता संयम पाळावा. बाजारात मागणी नसली, तर थव्यावर गळ टाकण्याचे कारणही उरत नाही.

सहकारी संस्थांच्या दृष्टीने मरळ हा काहीसा उपद्रवी, कारण तो तलावात सोडलेली रोहू-कटल्याची बोटुकली खातो. त्यांची तक्रार खोटी नाही. पण दुबळे, रोगट मासे आधी टिपणारा शिकारी पाण्यात असणे हेही त्या पाण्याच्या आरोग्याचे लक्षण असते.

ताटातला मरळ

मरळाच्या मांसात चरबी कमी, बारीक काटे थोडे आणि 100 ग्रॅममागे साधारण 16 ते 18 ग्रॅम प्रथिने असतात. म्हणून वृद्धांना, वाढत्या मुलांना व आजारातून उठलेल्यांना तो सोयीचा पडतो. मलेशिया-इंडोनेशियात बाळंतिणीला व शस्त्रक्रिया झालेल्याला मरळाचा रस्सा देण्याची परंपरा आहे, आणि जखम भरून येण्याबाबत तेथे संशोधनही चालू आहे. हृदयाला हितकारक मानली जाणारी ओमेगा-3 स्निग्धाम्ले मात्र बांगडा, तारली अशा तेलकट सागरी माशांत अधिक असतात. मरळाकडून ती अपेक्षा ठेवू नये.

घेताना डोळे स्वच्छ, कल्ले लाल आणि बोटाने दाबल्यावर खळगा लगेच भरून येईल असे घट्ट मांस पाहावे. गोड्या पाण्यातला कोणताही मासा कच्चा वा अर्धवट शिजलेला खाऊ नये; त्यात परजीवी असू शकतात. भाजलेला कांदा, थोडे सुके खोबरे, खसखस आणि लसूण यांचा वऱ्हाडी रस्सा ज्वारीच्या भाकरीबरोबर उत्तम लागतो. आजाऱ्यासाठी तिखट व तेल निम्म्यावर आणून पातळ रस्सा करावा.

या हिवाळ्यात सवड काढून बार्शीटाकळीच्या एखाद्या तलावाकाठी जरूर जा. मुलांना पाण्याच्या कडेपासून चार हात दूर बसवा, कारण काळ्या मातीचा काठ फार निसरडा असतो. सोबत पाणी, टोपी आणि शिदोरी असू द्या. प्लास्टिकचा कागद परत घरी आणा. तिथे एखादा भोई जाळे विणत बसलेला भेटला, तर त्याला रामराम करून विचारा, ‘भाऊ, मरळ कुठं निघते?’ तो हातातले काम न थांबवता हनुवटीने एक जागा दाखवील. तिकडे पाहत राहा. थोड्याच वेळात पाण्यावर एक वर्तुळ उमटेल.