वाटा माझ्या डोक्यात होत्या

खाली अब्बांचं झेरॉक्सचं दुकान, वर आमचं घर, बोळापलीकडे भाईजानचं ऑफिस. तिन्हीकडे एकेक मायक्रोटिक राउटर, आणि तिघांना एकमेकांशी जोडणाऱ्या तीन केबल. कुठून कुठे जायचं ते मी हातानं भरलं होतं, म्हणजे स्टॅटिक रूट. गिऱ्हाइकांच्या फाइली वरच्या कॉम्प्युटरवर.

मी परगावी असताना उंदरानं घर-दुकानामधली केबल कुरतडली. भाईजानकडून फिरून जाणारी वाट धडधाकट होती, पण राउटरला ती कुणी सांगितलीच नव्हती. ऐन ॲडमिशनच्या दिवसांत गिऱ्हाइकं परत गेली.

“तू नसलास की दुकान बंद ठेवू का?” अब्बांनी फोनवर विचारलं. मी गप्प.

परतल्यावर तिन्हीकडे रिप लावलं, आवृत्ती २. यात राउटर दर ३० सेकंदांनी आपल्याला ठाऊक असलेल्या वाटा शेजाऱ्याला सांगतो. मोठ्या जाळ्याला ते पुरत नाही, १५ टप्प्यांपुढे वाटच संपते. आमच्या बोळाला पुष्कळ!

तरी संध्याकाळ गेलीच. राउटर एकमेकांचं ऐकेनात. वेगळे काढलेले पोर्ट फायरवॉलच्या घरच्या यादीत नव्हते, त्यामुळे यूडीपी ५२० वरचे निरोप दारातच अडत होते. तेवढी परवानगी दिली. उद्या कुणी खोटी वाट सांगू नये म्हणून पासवर्डही घातला.

मग अब्बांसमोर नवी केबल उपसली. पिंग थांबला. शेजारी तीन मिनिटं गप्प राहिला, की राउटर त्याची वाट सोडतो, म्हणून मी घड्याळ बघत बसलो. पिंग पुन्हा सुरू झाला.

“कुठून आलं?”

“भाईजानकडून.”

अब्बांनी उधारीची वही पुढे केली. “पासवर्ड यात लिही.”