वांझपणाचा शिक्का

ब्लड पॅरट हा मासा विकताना दुकानदार हमखास सांगतो, ‘हायब्रीड आहे, पिल्लं होत नाहीत.’ घेणाऱ्यालाही ते पटतं, कारण संकर म्हटला की खेचर आठवतं. माझ्या मते सिक्लिड माशांच्या बाबतीत हा दाखलाच चुकीचा आहे. घोड्याची गुणसूत्रं ६४, गाढवाची ६२. खेचराच्या वाट्याला ६३ येतात आणि बीजपेशी तयार होताना त्यांच्या जोड्या जुळत नाहीत. मध्य अमेरिकेतल्या बहुतेक सिक्लिडांची गुणसूत्रं मात्र ४८च असतात. तैवानमध्ये १९८०च्या दशकात तयार झालेला पॅरट हा मिडास आणि रेडहेड या मध्य अमेरिकेतल्याच दोन सिक्लिडांचा संकर मानला जातो. कपाळावर टेंगूळ मिरवणारा, ‘लकी’ म्हणून भाव खाणारा फ्लॉवरहॉर्न १९९०च्या दशकात मलेशियात पुढे आला, तोही अशाच अनेक जातींच्या मिश्रणातून. आकडा जुळला म्हणजे सगळंच जुळलं असं नव्हे. पण खेचराची अडचण इथे नाही, एवढं नक्की.

मग पॅरटची अंडी पांढरी का पडतात? मादी सपाट दगड तोंडाने घासून लख्ख करते, त्यावर मधाच्या रंगाची अंडी ओळीने चिकटवते आणि कल्ल्यांजवळच्या परांनी त्यांना सतत वारा घालते. नरही मागोमाग अंड्यांवरून फिरतो. तरीही एक-दोन दिवसांत अंडी दुधी होतात, त्यांवर कापसासारखी बुरशी चढते आणि शिक्का बसतो तो मादीवर! दोष बहुतेक वेळा नराचा असतो. पॅरटचे नर सहसा वांझ निघतात. त्याच मादीला दुसऱ्या जातीचा सकस नर मिळाला तर पिल्लं निघाल्याची उदाहरणं पाळणाऱ्यांना चांगली ठाऊक आहेत. संकरात नर आणि मादी यांपैकी एकच बाजू लंगडी पडू शकते, हे जनुकशास्त्रज्ञ जे. बी. एस. हाल्डेन यांनी १९२२मध्येच मांडलं होतं. त्यांच्या नियमानुसार लिंग ठरवणारी दोन गुणसूत्रं ज्याची वेगवेगळी, त्याला फटका आधी बसतो. सिक्लिडांमध्ये लिंग ठरण्याची रीत जातीगणिक बदलते, म्हणून तो नियम इथे डोळे झाकून लावणार नाही. पण ‘हायब्रीड वांझ’ हे सरसकट विधान टिकत नाही.

आफ्रिकेतलं व्हिक्टोरिया सरोवर तर याच्या पुढचं सांगतं. तिथल्या सिक्लिड माद्या नर निवडतात ते रंगावरून. पाणी गढूळ झाल्यावर रंग दिसेनासे झाले आणि जाती एकमेकींत मिसळू लागल्या, असं संशोधक ओले झेहाउझेन आणि सहकाऱ्यांनी १९९७मध्ये दाखवलं. त्या संकरांना पिल्लं होतात. इतकंच नव्हे, तिथल्या शेकडो जातींच्या मुळाशी सुमारे दीड लाख वर्षांपूर्वीचा दोन वंशांचा संकर असल्याचं २०१७च्या जनुकीय अभ्यासातून पुढे आलं. यावर कोणी म्हणेल, त्या जाती सख्ख्या बहिणी, पॅरटचे आईबाप मात्र दूरच्या नात्यातले. मान्य. नातं जितकं लांबचं तितकी अडचण जास्त, आणि पॅरटच्या नरांचा वांझपणा त्यातूनच आला असावा. पण फ्लॉवरहॉर्नचे पूर्वजही जवळचे नाहीत. त्याच्याही काही वाणांत वांझ नर बरेच निघतात. तरीही इंडोनेशियातल्या सुलावेसी बेटावरच्या मातानो सरोवरात कोणीतरी सोडलेल्या फ्लॉवरहॉर्नांनी बस्तान बसवलं आहे आणि तिथल्या स्थानिक जिवांना धोका निर्माण केला आहे. दुकानदाराच्या त्या वाक्याला यापेक्षा रोकडं उत्तर नाही.

‘एखाद-दुसरा मासा तळ्यात सोडला तर काय बिघडतं?’ हा प्रश्न त्याच भरवशावर विचारला जातो. उजनी धरणात जाळ्यात भरभरून येणारी चिलापीही सिक्लिडच, आणि तीही मूळची इथली नव्हे. तेव्हा टाकी आवरायची असेल तर मासे दुकानात परत द्या किंवा दुसऱ्या पाळणाऱ्याला द्या. विहिरीत, तळ्यात, नदीत सोडू नका.