ओळखा पाहू मालिका!

सकाळची गोळी घेतली की नाही, हे आजी हल्ली विसरते. पण रविवारी व्हिडिओ कॉलवर आमचा ‘मालिका ओळखा’ खेळ रंगला की सगळ्यांच्या आधी उत्तर तिचंच! फक्त हिंट नीट हवी. सनावळ्या तिच्या कामाच्या नाहीत. ‘१९८४ साली सुरू झाली’ म्हटलं की गप्प; ‘शेवटी अशोक कुमार येऊन बोलायचे’ म्हटलं की लगेच ‘हम लोग’! आर. के. लक्ष्मण यांची रेखाचित्रं म्हणजे ‘मालगुडी डेज’. (निवेदक खुद्द काळ, म्हणजे ‘महाभारत’, हे तर बच्चेकंपनीलाही येतं.)

परवा मात्र दिलीप प्रभावळकरांचं नाव सांगूनही तिला आठवेना. सगळेच शांत झालो. मग बाबांनी विचारलं, “आई, गुंड्याभाऊ कोणाचा गं?”

“चिमणरावाचा!” आजी हसली. आणि शेजाऱ्यांकडे टीव्ही बघायला कोण कोण जमायचं, ते नावानिशी सांगत बसली. पुढचे प्रश्न राहूनच गेले.